फेरवजन

माझ्या ट्रंकेचं खाली वजन अकरा किलो सातशे ग्रॅम आहे. भरती पंचवीस किलो. वापसी तारीख दर दिवाळी. हे मी अंदाजानं सांगत नाही. ट्रंकेच्या उजव्या अंगाला, खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या रंगात तसं लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्यानं सगळ्या आयुष्यात एकदाच खोटा आकडा लिहिला, आणि तो माझ्या ट्रंकेवरचा नव्हे.

पवनीला पहिली नोकरी लागली तेव्हा मी एकोडीहून ही ट्रंक, एक गादी आणि आईनं जबरदस्तीनं दिलेली तांदळाची चुंगडी घेऊन एसटीतून उतरले. खोली मिळाली ती एका रिटायर माणसाच्या घरी. रेल्वेत होते, एवढंच मला कुणीतरी सांगितलं होतं. मी समजले तिकीट तपासणारे असतील, म्हणजे कडक असतील, म्हणजे पाणी जपून वापरावं लागेल. ट्रंक ओसरीवर टेकवली न टेकवली, तोच एक उंच, वाळका म्हातारा हातात लोंबता ताणकाटा घेऊन बाहेर आला. मी ते काटे फक्त रद्दीवाल्याकडे पाहिले होते.

"पोरी, खाली कर."

"काय?"

"पेटी. खाली कर. भरल्यावर कोनीबी जड असते. खाली कितीची हाय, ते पाहू दे."

आता सांगा! नवीन गाव, नवीन घर, आणि मी भर ओसरीत माझे कपडे उपसून गादीवर टाकतेय आणि एक परका माणूस माझी रिकामी ट्रंक काट्याला लटकवून डोळे बारीक करून बघतोय. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "अवं माय, लिहू दे वं ह्याईले! एकडाव लिहिलं का मंग गुमान जेवतीन. नाही त दिवसभर तुह्या पेटीपाशीच बसतीन."

काका म्हणजे छोट्या लाइनीच्या, नॅरोगेजच्या, मालडब्यांवर अक्षरं लिहिणारे पेंटर. नागपूरच्या कारखान्यात डबे दुरुस्तीला यायचे. सुतार, लोहार, फिटर सगळ्यांचे हात फिरून झाले की शेवटी डबा यांच्यापुढे उभा राहायचा, विटकरी रंगात, नवरदेवासारखा न्हाऊन. मग काका खडूत घोळवलेली दोरी ताणून रेघ मारायचे आणि खारीच्या केसांच्या ब्रशनं लिहायला घ्यायचे. डब्याचा नंबर. रिकामा असताना वजन किती, म्हणजे खाली वजन. माल किती भरायचा, म्हणजे भरती. आणि पुन्हा दुरुस्तीला कधी परत यायचं, ती वापसी तारीख. पत्र्याचे साचे ठेवून लिहिणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. "साच्यानं लिहिनं म्हंजे दुसऱ्याच्या दातानं चावनं," म्हणायचे.

रिटायर झाले, छोटी लाइनही पुढे बंद पडली, पण हात कुठे ऐकतो? घरातल्या एकाही वस्तूला त्यांनी मुकं ठेवलं नव्हतं. पाण्याचा ड्रम, शिडी, कूलर, खाट, पिठाचा डबा, कुदळ, सगळ्यांवर खाली वजन आणि वापसी तारीख. काकूंच्या लग्नातला भंडाऱ्याचा पितळी हंडासुद्धा सुटला नव्हता. "माह्या माहेरचा हंडा! घासून घासून सोन्यावानी ठेवला होता. मी शेतात गेली आन् ह्याईनं त्याले मालगाडीत जमा केलं," असं काकू येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या. काका शांतपणे म्हणायचे, "मंग आता कोनी चोरून नेईल का?" त्यावर काकू दुसऱ्या भांड्यावरून सुरू व्हायच्या. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सगळ्या वस्तू अंगणात यायच्या आणि त्यांचं फेरवजन व्हायचं. फरक निघाला तर जुना आकडा खरवडून नवा लिहायचा आणि खाली बारीक अक्षरांत नोंद करायची, 'फेरवजन झाले.' एका वर्षी खाट दोन किलोनं हलकी भरली. काका चिंतेत. नंतर कळलं, वाळवी लागली होती. तेव्हापासून मीही त्या प्रकाराला हसणं जरा कमी केलं.

माणूस तसा मितभाषी, पण अक्षरांवरून तोंड सुटायचं. एसटी स्टँडवर त्यांच्याबरोबर उभं राहणं म्हणजे शिक्षा. बस आली की लोक पाटी वाचून धावतात. हे पाटी वाचून थांबायचे. "पाह्य ना वं, हा तीन. पोट खपाटीले गेलं बिचाऱ्याचं. उपाशीपोटी लिहिलं असन कोनं." तोवर बस भरलेली. फ्लेक्सच्या बोर्डाकडे ते बघतसुद्धा नसत. पवनीत जुन्या स्तूपाचे दगड निघालेत, त्यांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. ते बघायला एकदा मला घेऊन गेले. मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. त्यांनाही येत नव्हतं. तरी तासभर बोट हवेत फिरवत उभे. "दोन हजार वर्सं झाली, पर रेघ कुठं लटपटली नाही. आन् लिहिनाऱ्यानं सोताचं नाव कुठंच नाही टाकलं. आपल्यातलाच होता," म्हणाले. 'आपल्यातला' म्हणजे पेंटर. घरी भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोला रोज हात जोडायचे, तसेच त्या दगडांना हात जोडून निघाले.

त्यांच्या आठाबद्दल सांगायलाच हवं. इंग्रजी आठ. खालचं मडकं मोठं, वरचं लहान, आणि दोन्हींच्या मध्ये केसाएवढी फट. दुनियेतला पेंटर आठ बंद करतो, हे उघडा ठेवायचे. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "श्वास घेऊ दे ना त्याले." हे उत्तर झालं का? पण त्यांच्या हातचा आठ शंभरात ओळखू यायचा, हे खरं.

आणि त्यांचं एक वाक्य होतं, ते मात्र कधी थट्टेत म्हणाले नाहीत. "डब्बा बोलत नाही, पोरी. त्याच्या वतीनं आपन बोलतो. मंग खोटं बोलाचं नाही."

आता चहाची गोष्ट. रोज सकाळी आठला काका किटली घेऊन बाहेर पडायचे. किटलीवरही वजन होतंच. तीन घरं सोडून एक म्हातारे मुकादम राहायचे, ऐंशीच्या पुढचे, खांद्यानं अजून रुंद. पूर्वी पवनी रोडच्या मालधक्क्यावर हमालांचे मुकादम होते. काका त्यांच्या दारातल्या दगडावर बसायचे, दोन कप भरायचे आणि मुकादम पहिल्या घोटालाच शिव्या घालायचे. "जवाई, हे चहा हाय का वैनगंगेचं पानी?" काकू त्याच मोहल्ल्यातल्या, म्हणून काका साऱ्या गल्लीचे जवाई. पाऊस असो, ताप असो, चहा चुकला नाही. एकदा काका तापानं फणफणले होते, तर किटली माझ्या हाती दिली आणि वर बजावलं, "साखर दोन चमचे. त्याईच्या समोर टाक, म्हंजे भांडनार नाही." मला वाटायचं, म्हातारपणी जीव लागतो एखाद्यावर. लागू दे बापडा.

फक्त एक गोष्ट डोळ्यात यायची. गल्लीतल्या सगळ्या दारांवर काकांच्या अक्षरात नावं होती. फुकटात लिहून द्यायचे, नको म्हटलं तरी लिहायचे. मुकादमांचं दार तेवढं कोरं. निळा रंग, वर टिंबसुद्धा नाही.

मी काकूंना विचारलं. काकू धान पाखडत होत्या, सूप थांबलं.

"त्याईच्या दारावर एकडाव लिहिलं होतं कोनं तरी," त्या म्हणाल्या. "माहं लगन नवं नवं होतं तवाची गोष्ट. मालधक्क्यावर कोळसा उतराचा. खानीवर भरलेला डब्बा काट्यावर तोलत, इथं उतरवून टोपल्यानं मोजत. एका डब्ब्यात तीन क्विंटल कमी निंगाला. मंग पुन्हा कमी. मंग पुन्हा. मुकादमानं चोरला म्हने. धक्क्यावरून काढलं. आन् एका सकाळी दारावर कोळशानंच लिहून ठेवलं, कोळसाचोर. मुकादमभाऊले वाचता येत नाही. त्याईले वाटलं, मलेरियाचे फवारनीवाले लिहून गेले असतीन. दोन दिवस तसंच. मंग पोरगी शाळेतून आली, दुसरीत होती, तिनं जोरानं वाचलं."

सूप पुन्हा सुरू झालं. त्यानंतर मुकादमांनी दारावर अक्षर चढू दिलं नाही.

छोटी लाइन बंद झाल्यावर गावोगावच्या हौशी साहेबांना आठवणी दाटून यायला लागल्या. आमच्या नगरपालिकेच्या ऑफिसकडे बगिच्याचं काम होतं. साहेबांनी ठरवलं, बगिच्यात एक जुना मालडबा आणून ठेवायचा, पोरं फोटो काढतील. डबा निवडायला नागपूरच्या भंगार यार्डात मला पाठवायचं ठरलं. मला डब्यातलं काय कळतं? मी काकांना म्हटलं, चला. त्यांनी पिशवीत पॉलिश पेपर, रॉकेलची बाटली आणि भाकरी टाकली आणि माझ्याआधी जाऊन स्टँडवर उभे.

यार्डात तीसेक डबे गवतात उभे होते. पहिलाच डबा मला पसंत पडला. सरळ, दारं शाबूत, रंगही बरा. काकांनी कोपऱ्यात रॉकेल लावून घासलं, खालचा रंग पाहिला आणि म्हणाले, "नाही." दुसरा. "नाही." उन्हानं माझं डोकं फिरलं, यार्डवाला जांभया द्यायला लागला, आणि हे प्रत्येक डब्याचा कोपरा दाढी केल्यासारखे घासतायत. दुपारी दोनला, अगदी टोकाच्या डब्यापाशी, ते घासता घासता थांबले. तो डबा म्हणजे कोण अवतार! दारं नाहीत, छताला भोकं, बुडाशी गवत उगवलेलं. काका खाली बसले. भाकरीची पिशवी हातातून सुटली, तेही कळलं नाही.

"हा," म्हणाले.

"काका, वेड लागलं का? साहेब मला कच्चं खातील. तो पहिला बघा ना, किती छान होता!"

"पोरी, हा घे." आवाज असा आला की मी वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी तुह्या पाया पडतो. हाच घे."

पाया पडतो म्हणे! मी सही करून टाकली. डब्यावर, रंगाच्या तीन थरांखाली, नंबरातले दोन आठ शेजारी शेजारी दिसत होते. मध्ये केसाएवढी फट. त्यांचा जुना डबा सापडला, म्हणून म्हातारा हळवा झाला असेल, असं मी समजले.

दोन दिवसांनी डबा ट्रेलरवर चढून पवनीला आला. गावाबाहेर राइस मिलचा धर्मकाटा आहे, ट्रकसकट तोलणारा. काका तिथे रस्त्यात आडवे उभे. ट्रेलर काट्यावर चढव, म्हणाले. ड्रायव्हर भडकला. "बाबा, भंगार है, कोई तौलता है क्या?" काका हलेनात. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "भाऊ, पोचपावतीवर सही माझी पाहिजे ना तुम्हाला? मग चढवा." तोलला. क्रेननं डबा बगिच्यात उतरवल्यावर रिकामा ट्रेलर परत आणून पुन्हा तोलला. ड्रायव्हर मला काय काय म्हणाला ते मी इथे लिहीत नाही. डब्याचं वजन निघालं पाच टन नऊ क्विंटल. काकांनी डब्यावरचा रंग घासून जुना आकडा उघडा केला. खाली वजन पाच टन आठ क्विंटल.

"दारं गेली," काका हळूच म्हणाले, "गंजून आर्धा झाला. तरीबी क्विंटलभर जास्त." आणि तिथेच गवतावर बसून मला सांगितलं.

तो डबा कारखान्यात आला तेव्हा त्याचं बूड बदललं होतं, नवा जाड पत्रा टाकला होता. म्हणजे डबा पुन्हा तोलायला हवा होता. पण काट्यापाशी डब्यांची रांग होती आणि काकांना छोट्या गाडीनं पवनीला यायचं होतं, मुलगी पाहायला. गाडी चुकली असती तर बोलणी मोडली असती. पेंटर तरणा होता, नवा शर्ट पिशवीत होता. त्यानं जुनाच आकडा गिरवला. पाच टन आठ. एका आकड्यानं काय होतं? होतं असं, की डबा तीन क्विंटल जड, लिहिलेला हलका. खाणीवर भरलेला डबा तोलून त्यातून लिहिलेलं वजन वजा केलं, की कागदावर कोळसा तीन क्विंटल जास्त. पवनी रोडला टोपल्यांनी मोजला, की तीन क्विंटल कमी. आणि कमी पडलं की चोर कोण? उतरवणारा.

"तुमाले कवा मालूम पडलं?" मीही त्यांच्याच बोलीत शिरले होते.

"लगनाच्या दुसऱ्या वर्सी. सासुरवाडीले आलो होतो. मुकादमभाऊ सांगून राहिले होते, कमी निंगते तो डब्बा एकच असते. मले नंबर वाचता येत नाही, म्हने, पर त्याच्यावर दोन उतरंडी हायेत, मडक्यावर मडकं, मधात फट. सारे हासले. मी नाही हासलो."

"मग सांगितलं का नाही?"

"नोकरी गेली असती. पोरगं पोटात होतं." त्यांनी गवताची एक काडी उपटली. "भेलो, पोरी. दुसरं काही नाही. मनलं, डब्बा कारखान्यात परत आला का आकडा सुधरवतो. वापसी तारीख मीच लिहिली होती ना. पर तो सातपुड्याकडच्या लाइनीवर गेला, आन् तिकडच्या पेंटरनं माहाच आकडा गिरवला. कोनंच तोलला नाही."

खरं सांगते, राग आला होता. त्या दुसरीतल्या पोरीचा आवाज मी न ऐकताही ऐकत होते. आणि समोर हा माणूस, माझी ट्रंक ग्रॅमपर्यंत तोलणारा. मग उमगलं, की ग्रॅमपर्यंत का तोलायचा.

दुसऱ्या सकाळी किटली घेऊन ते गेले ते मुकादमांना हात धरून बगिच्यात घेऊन आले. मी आणि काकू मागे. काकांनी मुकादमांचं बोट धरलं आणि डब्यावरच्या आठावर ठेवलं. मुकादम पोटापासून वरपर्यंत बोट फिरवत गेले. फटीपाशी थांबले.

"हाच तो," म्हणाले. "हाच तो मायचा! मडक्यावर मडकं. जवाई, कुठं सापडला हा?"

"मुकादमभाऊ, तो आठ माहा हाय."

आणि काकांनी सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. मुकादम ऐकत होते. बोट अजून डब्यावरच. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती वर्सं चहा पाजून राहिला बे तू मले?"

जवाईचा 'बे' झाला.

"इतकी वर्सं दोन चमचे साखर टाकली तोंडात, आन् एक गोष्ट टाकता नाही आली?" मुकादम काठी टेकत निघून गेले. काकू जागच्या जागी उभ्या. नंतर घरी येताना एवढंच म्हणाल्या, "म्हंजे मी तीन क्विंटल कोळशात पडली तुमाले." एरवी असं काही बोलल्या की स्वतःच आधी हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत.

काका रोज आठला किटली घेऊन जात. दार बंद. दगडावर अर्धा तास बसत आणि भरली किटली घेऊन परत येत. नऊ दिवस. त्यांनी जेवण सोडलं म्हणणार नाही, काकू सोडू देणाऱ्या नव्हत्या, पण घास मोजण्यासारखे झाले. मी एकदा मुकादमांच्या खिडकीशी जाऊन म्हटलं, "बाबा, म्हातारा मरेल हो." आतून उत्तर आलं, "मरू दे. तोलून घेजा." मी परत आले.

याच दिवसांत काकांना डबा रंगवायचा होता, उद्घाटन ठरलं होतं. साहेबांना डब्यावर मोर आणि कमळ पाहिजे होतं. काका म्हणाले, नंबर, खाली वजन, भरती, तारीख. बाकी काही लिहायचं असेल तर दुसरा पेंटर बघा. हात थरथरायला लागला होता; टेकणकाठी मी धरायची आणि ते तिच्यावर मनगट टेकवून लिहायचे. पाच टन आठ क्विंटल त्यांनी पुसलं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारली, आणि खाली खरं वजन लिहिलं. त्याखाली बारीक अक्षरांत 'फेरवजन झाले.'

उद्घाटनाला मांडव, खुर्च्या, शाळेची पोरं, सगळं होतं. साहेबांनी काकांना शाल घातली आणि दोन शब्द बोला म्हणाले. काकांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली.

"हा डब्बा लय वर्सं खोटं बोलला," ते माईकमध्ये म्हणाले. "माह्या हातानं बोलला. मी तोलला नाही आन् आकडा लिहिला. त्याच्यापायी आपल्या गावच्या मुकादमभाऊवर चोरीचा आळ आला. त्याईनं कोळशाचा एक ढेला नाही नेला. चोर मी होतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! भाषण संपलं की वाजवायच्या, एवढंच लोकांना ठाऊक. काका संतापले. "टाळ्या कायले वाजवून राहिले? चूक सांगून राहिलो मी!" मग मात्र वाजणारे हात खाली आले. मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "आमी लिहिलं नव्हतं बापा दारावर. पर पुसलंबी नव्हतं." आणि पुन्हा बसली. पवनी मोठं गाव नाही. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घरोघर पोचली, मुकादमांच्या बंद दारातूनही.

दहाव्या दिवशी सकाळी काका किटली उचलायच्या आधीच ओसरीवर काठी वाजली. मुकादम. धोतर धुतलेलं, दाढी केलेली.

"पेंटर," म्हणाले. जवाई नाही, बे नाही. "रंग हाय का?"

"हाय."

"माह्या दारावर लिहून दे."

"काय लिहू?"

"काय म्हंजे? माहं नाव!"

काकांनी दोरी खडूत घोळवली. एक टोक मी धरलं, एक त्यांनी, आणि निळ्या दारावर पांढरी रेघ उमटली. मी टेकणकाठी धरली होती, आणि काकूंनी, न सांगता, त्यांचं कोपर. गल्ली जमली होती. तासभर लागला. काकांनी नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट, मालडब्यावर लिहायचे तसं, लांबून वाचता येईल असं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते वाचायचं तर पवनीला जाऊन त्या दारावर वाचावं.

मुकादमांनी मुलीला आदल्या दिवशीच भंडाऱ्याहून बोलावून घेतलं होतं. आता ती स्वतः आजी झालीय. तिनं दारासमोर उभं राहून ते नाव जोरानं वाचलं. मला पुढचं काही वेळ नीट दिसलं नाही. मी टेकणकाठी मात्र सोडली नाही.

काका खाली वाकले होते. दाराच्या उजव्या अंगाला, खालच्या कोपऱ्यात, बारीक ब्रशनं अजून काही लिहीत होते. मुकादमांनी काठीनं तिकडे दाखवलं. "हे बारीक काय लिहिलं?"

"फेरवजन झालं, असं लिहिलं."

"माहं?"

"हाव."

मुकादम त्या अक्षरांकडे पाहत राहिले. "मंग? कितीचा निंगालो?"

काका ब्रश रॉकेलमध्ये बुडवून पुसत बसले. पुसलेला ब्रश पुन्हा पुसला. "लिहिलं होतं त्याच्याहून लय जड," म्हणाले.

मुकादम आपल्या दगडावर जाऊन बसले, काठी भिंतीला लावली आणि बाजूची जागा हातानं झटकली.

"चहा आन मंग, जवाई. आन् साखर टाकजो."